ओलं ते ओवळं

घर भाड्याने द्यायच्या आधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. नोकरी कुठे, पगार किती, मांसाहार करता का, रात्री किती वाजता येता, यातलं काहीच नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून माझ्या दोन बॅगा, वळकटी आणि काटोलहून आईने बांधून दिलेली संत्र्यांची थैली यांच्याकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, "यात ओलं काय आहे?"

मी म्हणालो, "टॉवेल असेल काका. सकाळी आंघोळ करून निघालो."

"कुठल्या पाण्याने?"

"घरच्या. नळाच्या."

"मग चालेल. जा वर."

मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजीत नव्याने लागलो होतो आणि तिथून दोन गल्ल्या सोडून हे घर होतं. चारी बाजूंनी दवाखाने उभे राहिले तरी न विकलेलं, बुटकं, दोन मजली. रोग्यांचे नातेवाईक त्यांच्या ओट्यावर डबे उघडून जेवायचे, त्याला त्यांची कधी हरकत नसायची. पाणीसुद्धा द्यायचे. फक्त एखाद्याने सहज म्हटलं, "आमच्या गावाकडे तलाव लई मोठा आहे," की काका खुर्ची पुढे ओढून त्याच्या चपलांकडे बघायला लागायचे.

वरच्या मजल्यावर माझी खोली आणि पुढे गच्ची. गच्चीत तीन दोऱ्या बांधलेल्या. भाडेकरूला गच्ची वापरायची मुभा होती, दोऱ्यांना हात लावायची नव्हती. पहिल्या दोरीवर लाल धागा बांधलेले गमबूट उलटे टांगलेले, शेजारी लाल धाग्याची बादली आणि मासा उचलायची लाल धाग्याची दांड्याची जाळी. दुसऱ्या दोरीवर हाच संसार निळ्या धाग्याचा, तिसरीवर पांढऱ्या. घरात मासे धरणारी तीन माणसं असावीत असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी खुलासा केला, "माणूस एकच आहे हो. तलाव तीन आहेत."

सदरमधल्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस दर रविवारी गळ टाकायला जायचा. शहराच्या आसपासचे तीन तलाव त्यांनी ठरवून घेतले होते आणि एका तलावाचं पाणी दुसऱ्या तलावात जाऊ द्यायचं नाही, हा त्यांच्या आयुष्यातला पहिला आणि बहुधा शेवटचा नियम होता. माशांचे रोग उडत येत नाहीत, माणसं ते उचलून नेतात, असं त्यांचं म्हणणं. बुटाच्या टाचेतला चिखल, बादलीच्या तळाशी उरलेलं पेलाभर पाणी, जाळीच्या गाठीत अडकलेलं शेवाळ, डोंग्याच्या, म्हणजे छोट्या होडीच्या, बुडाला साचलेली थारोळी, यातून एका तलावाचं दुखणं दुसऱ्या तलावात जातं. उपाय काय, तर निघताना चिखल काढा, पाणी जिथलं तिथेच ओता आणि सगळं सामान उन्हात खडखडीत वाळवा. उन्हाळ्यात दोन दिवस, हिवाळ्यात चार. पावसाळ्यात ते तलाव बदलायचेच नाहीत. जून ते सप्टेंबर एकाच तलावावर जायचे, कारण नागपूरच्या पावसाळ्यात बूट वाळल्याचं मी कधी पाहिलं नाही, असं ते सांगायचे.

यात वेडेपणा काही नाही, हे मला आता कळतं. वेडेपणा त्यांच्या सांगण्याच्या पद्धतीत होता. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे कारकुनी करायला आलेलं, घरात सोवळ्याओवळ्याचा कडक कारभार. लहानपणी आईचं सोवळं दोरीवरून काठीने उतरवून द्यायचं काम यांच्याकडे असायचं. मोठेपणी त्यांनी घरातलं सगळं सोवळं मोडीत काढलं आणि ते जसंच्या तसं उचलून तलावावर नेऊन ठेवलं. फक्त उलटं करून.

"माझी आई धुतलेलं, वेळेला ओलंच नेसायची, ते सोवळं," ते म्हणायचे. "माणसाला पाणी शुद्ध करतं. मासोळीचं तसं नाही. तिला पाण्यातूनच विटाळ होतो. म्हणून तिच्या शास्त्रात ओलं ते ओवळं, वाळलं ते सोवळं."

हे वाक्य ते कोणालाही ऐकवायचे. भाजीवाल्याला ऐकवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. तो बिचारा पालकावर पाणी मारत होता.

काकूंची तक्रार वेगळी होती. "चाळीस वर्षांत मला एकदाही विचारलं नाही, केस वाळले का म्हणून. बुटांना रोज विचारतात."

वाळलं की नाही हे बघायची त्यांची एक रीत होती. हाताला भरवसा नाही म्हणायचे, हात कामाने राठ होतो. बूट उचलायचा आणि आतली बाजू गालाला लावायची. समोरच्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरून रोग्यांचे नातेवाईक हे बघायचे. गच्चीत एक पांढऱ्या मिशांचा माणूस डोळे मिटून गमबूट गालाला लावून उभा आहे. एकदा खालच्या ओट्यावर दोघे बोलत होते, "कोणाचे असतीन गा ते बूट? पोराचे असतीन. गेला असंन बिचारा."

डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागल्यापासून काकांनी स्कूटर सोडली होती, त्यामुळे रविवारचा चालक मी झालो. मला माशांत गम्य नव्हतं. आमच्या घरी संत्र्याचा व्यापार, पाण्यात उतरायचा प्रसंग कधी आला नाही. पण नव्या गावात रविवार खायला उठतो आणि काकू सोबत शंकरपाळ्यांचा डबा द्यायच्या. पांढऱ्या धाग्याचा तलाव मला सगळ्यात आवडायचा. काटोल रस्त्याने जाऊन आत वळलं की एका गावाच्या मागे होता. गावातल्या मासे धरणाऱ्या सात ढीवर घरांच्या बायकांनी गट करून तो मासळीसाठी घेतला होता आणि गटाची पुढारी होती गिरजाबाई. पन्नाशीची, सडपातळ, कासोटा घालून डोंगा हाकणारी. सात घरांचं वर्ष त्या तलावातल्या रोहू-कतल्यावर चालायचं. पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडायची आणि संक्रांतीच्या पुढेमागे जाळं लावायचं. मधले महिने नुसती राखण.

काकांनी धरलेला मासा ते घरी आणत नसत. काकूंच्या स्वयंपाकघरात मासळीला बंदी होती. तो गिरजाबाईकडे जायचा आणि ती दुपारी रस्सा करायची. ज्या घरात काकांची आई सोवळ्याने वावरली, त्या घरचा हा मुलगा ढिवराच्या चुलीपाशी मांडी घालून रोहूचं डोकं चोखायचा. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायचा, तो मी त्यांना भाडं देताना कधीच पाहिला नाही.

गावातल्या लोकांना हा माणूस म्हणजे करमणूक होती. बांधावर पोचलं की आधी स्कूटरची चाकं पुसायची. निघताना काडीने बुटाच्या खाचा कोरायच्या, उरलेलं गांडूळ आणि कणकेचा गोळा पाण्यात न टाकता कागदात बांधून घरी न्यायचा. मासा साफ केल्यावर त्याची घाणही पाण्यात नाही, दूर खड्ड्यात. एकदा त्यांनी कचेरीच्या भाषेत सूचना लिहून बाभळीला टांगली होती, 'सबब सर्व संबंधितांनी ओले साहित्य तलावात नेऊ नये.' ती तिसऱ्या दिवशी बकरीने खाल्ली. संबंधितांपैकी तिनेच काय ते मनावर घेतलं.

गिरजाबाईने तर त्यांना तोंडावर विचारलं होतं, "बाबूजी, तुम्ही आमचे पाय पुसून राहिले. बगळा या तलावातून त्या तलावात जाते, त्याचे पाय कोण पुसते?"

सगळे हसले. मीही हसलो.

"बगळ्याला मराठी येत नाही," काका म्हणाले. "तुला येते. म्हणून तुला सांगतो."

शहरातल्या तलावावर ते पायाने चालवायच्या बोटींच्या रांगेपाशी उभे राहून पर्यटकांना उपदेश करायचे. हौशी गळवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यातून त्यांना तीनदा काढलं. कोणी दुसऱ्या गावच्या धरणावर धरलेल्या माशाचा फोटो टाकला की हे खाली लिहायचे, 'अभिनंदन. जाळी वाळवली का?' एकदा बदली होऊन निघालेलं एक जोडपं घरातल्या काचेच्या टाकीतले रंगीत मासे तलावात सोडायला आलं. त्यांना वाटत होतं, आपण जीवदान देतो आहोत, पुण्य लागेल. काकांनी ती पिशवी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलीच. पुढची दोन वर्षं ते मासे आमच्या जिन्याखालच्या टाक्यात होते आणि त्यांना खायला घालायचं काम माझ्याकडे होतं. ते जोडपं मात्र काय मनात घेऊन गेलं असेल, याचा विचार काकांना शिवला नाही. दुसऱ्याच्या मनाला काय लागेल हे बघायची सवयच नव्हती त्यांना. हा त्यांचा दोष होता आणि तो मी लपवणार नाही.

माझा दोष त्याहून मोठा. एका शनिवारी मी पॅथॉलॉजीतल्या दोस्तांबरोबर एका धरणावर गेलो होतो. बोटीत बसलो, पाण्यात उतरलो, कॅनव्हासचे बूट चिंब झाले. रात्री ते खोलीत पंख्याखाली ठेवले. सकाळी सहाला काका खाली हजर. माझ्याकडे दुसरे बूट नव्हते.

"काल कुठे होतास?"

"इथंच. दोस्ताकडे."

"बूट?"

"वाळलेले आहेत काका."

एवढं बोलून मी स्कूटर चालू केली. काटोल नाक्यापाशी काकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. तिथे म्हणाले, बाजूला घे. मला बूट काढायला लावले आणि रस्त्याच्या कडेला, संत्र्याच्या गाड्या जात-येत असताना, माझा तो कुबट वास मारणारा बूट उचलून आतून स्वतःच्या गालाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला फसवलंस, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "मला लोक रोज फसवतात. मासोळीला फसवू नकोस. ती तक्रार करायला येत नाही, नुसती उलटी होऊन वर येते."

मग त्यांनी आपले पांढऱ्या धाग्याचे बूट मला दिले आणि स्वतः अनवाणी बसले. ते बूट मला दोन नंबर मोठे होते. दिवसभर मी बांधावर फटक-फटक चालत होतो आणि गिरजाबाई विचारत होती, "काहून गा भाऊ, तुह्या बापाचे बूट घालून आला काय?" काकांनी तिला कारण सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांना मानायला लागलो.

आता त्या हिवाळ्याबद्दल सांगायला हवं. थंडी पडली की तळ्यांतल्या मासळीला एक रोग येतो. अंगावर लाल चट्टे उठतात, मग त्यांची जखम होते आणि मांस झडायला लागतं. त्या साली आजूबाजूच्या दोन-तीन तलावांवर चट्ट्याची मासळी निघाल्याची बातमी होती. गिरजाबाईच्या तलावात काही नव्हतं. रोहू हातभर झाले होते. दरवर्षी बायका आपल्या छोट्या जाळ्यांनी चार-पाच दिवस खपून मासळी काढायच्या. त्या वर्षी व्यापाऱ्याने सांगितलं, माझी माणसं मोठं ओढजाळं घेऊन येतील, एका दिवसात तलाव उरकून देतील. बर्फाची गाडीही तोच आणणार होता. सगळ्या बायका खूश होत्या.

ओढजाळं आलं नेमक्या त्याच रविवारी आम्ही पोचलो. बांधावर टेम्पो उभा होता आणि त्यात ते भलंमोठं जाळं, ढिगासारखं. ढिगातून पाणी ठिबकत होतं. काका टेम्पोपाशी गेले.

"हे जाळं कुठून आलं?"

जाळेवाल्यांचा मुखिया म्हणाला, "तलावातूनच आलं बाबूजी. आभाळातून नाही पडलं."

"काल कुठल्या तलावात होतं?"

त्याने नाव सांगितलं नाही. माणसांना म्हणाला, चला, काढा खाली. तेव्हा काकांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. सत्तरीचा तो माणूस टेम्पोच्या फाळक्यावर पाय देऊन वर चढला आणि त्या ओल्या जाळ्याच्या ढिगावर मांडी घालून बसला. पांढऱ्या धाग्याचे बूट, इस्त्रीची पँट, सगळ्यासकट.

गिरजाबाई धावत आली. इतकं संतापलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"उतरा खाली! बाबूजी, तुम्ही इतवारी येता, गळ टाकता, रस्सा खाता अन् जाता. तलाव आमचा आहे. बर्फाची गाडी येऊन राहिली. सात घरं वाट पाहून राहिली. तुम्ही कोण आम्हाले थांबवनारे?"

"कोणी नाही," काका म्हणाले. "पण मी उतरणार नाही."

"काहून पण?"

"दोन दिवस ऊन दे याला. मग मीच ओढायला येतो."

जाळेवाले हसत होते, एक जण फोनवर त्यांचा व्हिडिओ काढत होता. बायकांपैकी कोणी तरी म्हणालं, म्हाताऱ्याला उचलूनच खाली ठेवा. मलाही वाटलं, आता हे फार झालं. मी त्यांचा हात धरायला पुढे झालो. गिरजाबाईनेही जाळ्याचं एक टोक ओढलं आणि ओढता ओढता थांबली. जाळ्याच्या गाठीत काही तरी अडकलं होतं. तिने बोटाने सोडवलं. मरळ माशाचं पिल्लू होतं, मेलेलं, आणि त्याच्या पोटावर रुपयाएवढा लाल चट्टा.

तिने ते तळहातावर उलटंपालटं करून पाहिलं. मग घरी गेली, पिल्लू चुलीत टाकलं, परत आली आणि मुखियाला म्हणाली, "गाडी घेऊन जा गा तुह्यी."

व्यापाऱ्याशी बिनसलं. बर्फाची गाडी रिकामी गेली. बायकांनी आपापल्या जाळ्यांनी मासळी काढली आणि त्यासाठी त्यांना सहा दिवस थंडीत गळ्याइतक्या पाण्यात उभं राहावं लागलं. तलावाला चट्ट्याचा रोग लागला नाही. तो काकांमुळे लागला नाही की एरवीही लागला नसता, हे कोण सांगणार? काकाही कधी सांगायचे नाहीत.

त्या दिवशी मात्र एक पंचाईत झाली. ओल्या जाळ्यावर बसल्यामुळे काका स्वतःच ओवळे झाले होते. बांधावर उतरायला तयार होईनात. शेवटी टेम्पोवाल्यानेच त्यांना डांबरी रस्त्यापर्यंत नेऊन सोडलं. तिथून मी त्यांना स्कूटरवर घेतलं. वाटेत म्हणाले, "तिला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं रे. चारचौघांत नको होतं करायला." एखाद्याला आपलं बोलणं लागलं असेल, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

गिरजाबाईने त्यांना महिनाभर रस्सा दिला नाही. पण पुढच्या वेळी आम्ही गेलो तर बांधाच्या तोंडाशी दोन मेढी रोवून आडवा बांबू बांधलेला होता आणि एक परका गळवाला आपली भिजकी जाळी हातात धरून तिच्याशी हुज्जत घालत होता. "हे इथं टांगा अन् परवा या," ती त्याला सांगत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. चाकं पुसायला बसले.

या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, दोन दिवसांच्या आजारात ते गेले. मुलगा बंगळुरूहून आला. वडिलांच्या छंदाला तो 'बाबांचं ते' म्हणायचा. वाईट माणूस नाही, पण लहानपणी ज्याच्या बापाला मित्रांनी बूट गालाला लावताना पाहिलं, त्याला लाज वाटली असेल तर नवल नाही. काकूंची इच्छा होती की रामटेकला अस्थी सोडल्यावर मूठभर रक्षा गिरजाबाईच्या तलावात जावी. मुलाचं दुसऱ्या दिवशी विमान होतं. गुरुजींनी सांगितलं, काही हरकत नाही, रामटेकचं आटोपून तसेच तिकडे जा, फक्त सोवळ्याने करा, ओलेत्याने. म्हणून मुलाने रामटेकच्या तळ्यात भिजलेलं धोतर पिळून प्लास्टिकच्या पिशवीत घेतलं, त्याच तळ्यात बुडवलेल्या तांब्याच्या छोट्या कलशात रक्षेची प्लास्टिकमध्ये बांधलेली पुरचुंडी ठेवली आणि काकूंना घेऊन आम्ही निघालो. गाडी मी चालवत होतो. खरं सांगतो, माझ्याही डोक्यात काही आलं नाही. सबंध रस्ताभर मी रडत होतो.

तलाव भरलेला होता. आठ दिवसांनी जाळं लागायचं होतं आणि या हिवाळ्यातही पलीकडच्या गावात चट्ट्याची मासळी निघाली होती. सातही घरच्या बायका बांधावर येऊन उभ्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन. मुलगा गाडीआड जाऊन ओलं धोतर नेसून आला, कलश हातात घेतला आणि उताराने खाली निघाला. गिरजाबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"थांबा भाऊ. हे धोतर कुठं भिजलं?"

"रामटेकला."

"अन् हा कलश?"

"तोही तिथलाच. का?"

"मंग हे घेऊन आमच्या पाण्यात नाही उतरायचं."

त्याला कळेचना. "अहो, हे ओलंच लागतं. गुरुजींनी सांगितलंय. सोवळं असतं ते."

"तुमच्या गुरुजीचं असंन. बाबूजीचं नव्हतं." ती बाजूला झाली नाही. "रामटेकच्या पाण्यात खोट आहे असं मी नाही म्हणत. पण ते तिकडचं, हे इकडचं."

"माझे वडील आहेत हो ते!"

"मले मालूम आहे कोणाचे कोण आहेत. दुसरं कोणी असतं तं सरळ वापस धाडलं असतं. ते आहेत म्हणून समजावून सांगून राहिली."

"मग किती वेळ लागेल वाळायला?"

"थंडीचं ऊन आहे. चार दिवस."

मुलगा माझ्याकडे वळला. "तुम्ही तरी सांगा यांना."

मी म्हणालो, "त्या बरोबर सांगतात."

गाडीचं दार उघडलं. काकू खाली उतरल्या, हळूहळू चालत आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "काढ ते धोतर."

"आई, गुरुजी म्हणाले होते..."

"गुरुजींची समजूत मी घालीन. यांची कोण घालणार?"

गिरजाबाईने घरून आपल्या दिराची लुंगी आणली. विटकी होती, पण कोरडी, आणि या तलावाशिवाय दुसरं पाणी न पाहिलेली. कलशातली पुरचुंडी सोडून रक्षा एका कोरड्या गाडग्यात घेतली. मुलगा त्या चौकटीच्या लुंगीत, उघड्या अंगाने, पाण्यात उतरला. गाडगं रिकामं झाल्यावरही तो तिथेच उभा राहिला. त्याची पाठ हलत होती.

वर आला तेव्हा पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरले होते. लुंगी गिरजाबाईने तिथेच ठेवून घेतली. पँट चढवून तो गाडीकडे निघाला, चार पावलं गेला आणि परत आला. बांधावर बसला. एक काडी उचलली आणि नखांतला, टाचेच्या भेगांतला चिखल कोरायला लागला. मग वाळल्या गवताची मूठ घेऊन पाय घासले, एक झाला, दुसरा झाला. त्याला हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मान वर करून त्याने गिरजाबाईला विचारलं, "झालं का?"

ती वाकली, नीट पाहिलं.

"नाही जी. बोटाच्या बेचक्यात ओलं आहे अजून."

त्याने दोन्ही पाय उन्हात लांब केले. काकू त्याच्या शेजारी टेकल्या. मी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि बांधावर बसलो.